मौन कुठे हक्क, कुठे कबुली

बाडहूव्हडॉर्प हे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगितलं, तर ते दोनदा विचारून घेतात. ‘शिफोल विमानतळाच्या शेजारी’ म्हटलं की मग उलगडा होतो. ॲमस्टरडॅमच्या वेशीवरचं, समुद्रसपाटीखालच्या पोल्डरमध्ये वसलेलं हे आमचं गाव तसं शांत आहे. पण इथेच शिफोल न्यायसंकुल नावाची एक मोठी इमारत आहे. तिच्यात कोठड्या आहेत आणि कडेकोट बंदोबस्तातलं न्यायालयही आहे. ९ मार्च २०२० रोजी जगभरातले पत्रकार या इमारतीसमोर जमले होते. १७ जुलै २०१४ रोजी शिफोलहून क्वालालंपूरला निघालेलं एमएच१७ विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं होतं. २९८ माणसं गेली, त्यातली १९६ डच. त्या खटल्याची सुनावणी आमच्या गावात सुरू होत होती. खटला हेगच्या जिल्हा न्यायालयाचा, पण बसला इथे.

आरोपी चार होते. तीन रशियन आणि एक युक्रेनी: इगोर गिर्किन, सर्गेई दुबिन्स्की, ओलेग पुलातोव आणि लिओनिद खारचेन्को. चौघांपैकी एकही जण त्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. फरक एवढाच की पुलातोवने वकील नेमले. ते वकील अडीच वर्षं न्यायालयात उभे राहिले, पुरावे तपासले, प्रश्न विचारले, शंका मांडल्या. बाकी तिघांच्या बाजूने कुणीच बोललं नाही. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागला. तिघांना जन्मठेप झाली आणि पुलातोव निर्दोष सुटला. क्षेपणास्त्र आणण्यात किंवा डागण्यात त्याचा हातभार होता असं पुराव्यावरून दिसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारी पक्षाने त्यावर अपीलही केलं नाही.

वकील नेमला म्हणून पुलातोव सुटला, असा सोपा अर्थ कुणी काढू नये. न्यायालयाने प्रत्येकाचा पुरावा वेगळा तपासला. बाकी तिघं गैरहजर होते म्हणून त्यांना शिक्षा झाली असंही नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या देशाची १९६ माणसं गेली, त्या देशाच्या न्यायालयाने चौघांतल्या एकाला सोडलं, आणि देशाने ते मान्य केलं. त्याच निकालात गेलेल्यांच्या नातेवाइकांना १ कोटी ६० लाख युरोहून अधिक भरपाईही मंजूर झाली. ती भरायची कुणी? शिक्षा झालेल्या तिघांनी. सुटलेल्याने नाही. म्हणजे फौजदारी आणि दिवाणी असे दोन्ही प्रश्न एकाच दालनात सुटले, आणि दोन्हीकडे समोर तीच माणसं होती.

हे सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. कोर्टात ‘समोरची बाजू’ म्हणून उभं राहणं म्हणजे काय, याबद्दल आपल्या मराठी माणसाच्या डोक्यात बराच गोंधळ असतो. परदेशी राहणाऱ्याच्या डोक्यात तर जास्तच, कारण त्याला दोन देशांचे कायदे लागतात आणि दोन्हीकडचे कागद वेळेवर हातात पडत नाहीत. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. कोर्टात आपणहून जाणाऱ्याला ती ठीक आहे. पण ज्याला बोलावलं गेलं आहे, त्याने पायरी चढायची नाही म्हटलं तर त्याच्या नावे निकाल लागायचा तो लागतोच. फक्त त्यात त्याचं म्हणणं नसतं.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. फौजदारीत समोरचा माणूस ‘आरोपी’, दिवाणीत ‘प्रतिवादी’. ग्राहक आयोगात तो ‘सामनेवाला’ होतो, अपिलात ‘जाब देणार’. आपल्या घरगुती बोलण्यात मात्र या सगळ्यांचा एकच अर्थ होतो: ‘त्याच्यावर केस आहे.’ आणि केस आहे म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच! डच भाषेत फौजदारी खटल्यातल्या माणसाला ‘व्हर्डाख्ट’ म्हणतात, म्हणजे नुसता संशयित. दिवाणीतल्याला ‘खडाख्ड’, म्हणजे बोलावलेला. शब्दातच सांगून टाकलंय की एकावर फक्त संशय आहे आणि दुसऱ्याला फक्त बोलावलंय. आपलाही ‘आरोपी’ हा शब्द तेच सांगतो, ज्याच्यावर आरोप आहे तो. पण तो शब्द उच्चारताना आपला आवाज असा लागतो, की निकाल लागून गेल्यासारखं वाटतं.

या दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कळला नाही तर माणूस नको तिथे बोलतो आणि नको तिथे गप्प बसतो. आपल्याकडे मौनाबद्दल दोन जुनी वचनं आहेत. एक म्हणतं, मौनं सर्वार्थसाधनम्. दुसरं म्हणतं, मौनं संमतिलक्षणम्. ऐकायला ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. कोर्टात मात्र दोन्ही खरी आहेत. पहिलं फौजदारी कोर्टाला लागू पडतं, दुसरं दिवाणीला.

फौजदारीत आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं. गुन्हा झाला, तो याच माणसाने केला, आणि त्याबद्दल वाजवी शंका उरत नाही, हे सगळं सरकारी पक्षाने दाखवायचं. आरोपीने हातावर हात ठेवून बसलं तरी ते त्याच्या विरुद्ध धरता येत नाही. भारताच्या राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) सांगतो की कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. अनुच्छेद २२ वकिलाचा हक्क देतो. इथे नेदरलँड्समध्येही पोलिसांनी चौकशी सुरू करण्याआधी सांगावंच लागतं की उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. चौकशीआधी वकिलाशी बोलता येतं, चौकशीच्या वेळी त्याला सोबत बसवता येतं, आणि भाषा समजत नसेल तर दुभाषा मागता येतो. आपली बरीच मुलं इथे ‘मी काही केलंच नाही, मग वकील कशाला?’ म्हणून तासभर बोलत बसतात. निरपराध माणसालाच वकिलाची गरज जास्त असते, कारण काय बोलू नये हे त्याला सुचतच नाही.

भारतीय फौजदारी पद्धतीत एक टप्पा असा आहे की तो मला फार आवडतो. साक्षीपुरावा संपला की न्यायाधीश स्वतः आरोपीला विचारतात, तुमच्याविरुद्ध हे-हे आलंय, तुम्हाला यावर काय म्हणायचंय? शपथ घ्यावी लागत नाही. उत्तर दिलं नाही किंवा खोटं दिलं म्हणून शिक्षा होत नाही. पूर्वी हे कलम ३१३ होतं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५१ आहे. साऱ्या खटल्यात इतरांनी त्याच्याबद्दल बोलायचं आणि शेवटी न्यायाधीशाने त्याच्याकडे वळून विचारायचं, ही साधी माणुसकीची रीत आहे.

त्या रीतीची किंमत मुंबईने मोजून पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर अजमल कसाबचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार नव्हतं. वकिलांच्या संघटनेने तसा ठरावही केला होता. संतापाचे दिवस होते, तो ठराव समजण्यासारखा होता. पण न्यायालयाने त्याला वकील दिला. आता जे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात राहिलेलं नाही ते सांगतो. त्या खटल्यात आरोपी तीन होते. कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही होते. त्यांनी ठिकाणांचे नकाशे पुरवले असा आरोप होता. ३ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने कसाबला दोषी धरलं आणि या दोघांना सोडलं. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती सुटका कायम केली. फहीमचा बचाव करणारे वकील शाहिद आझमी यांची तो निकाल लागण्याआधीच, ११ फेब्रुवारी २०१० रोजी, कुर्ल्यात त्यांच्या कार्यालयात हत्या झाली होती.

‘अशा लोकांना वकील कशाला? थेट लटकवा’ असं त्या काळी आपल्या दिवाणखान्यांतून सर्रास ऐकू यायचं. तसं झालं असतं तर एकाबरोबर तिघं लटकले असते. बाडहूव्हडॉर्पला चारातला एक सुटला, मुंबईला तिघांतले दोघं. समोरच्या बाजूला ऐकून घेतल्याशिवाय कोण कसाब आहे आणि कोण नाही, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

एक बदल परदेशस्थांनी खास लक्षात ठेवायला हवा. आजवर भारतात फरार आरोपी सापडेपर्यंत खटला तसाच पडून राहायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ३५६ नुसार, गंभीर गुन्ह्यात फरार म्हणून जाहीर झालेल्या आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. आरोप निश्चित झाल्यावर नव्वद दिवस थांबायचं, वॉरंट काढायची, वर्तमानपत्रात सूचना द्यायची, आणि त्याला वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा, अशी त्यात व्यवस्था आहे. ‘मी इथे नेदरलँड्समध्ये आहे, तिकडे काय करतील?’ हा हिशोब त्यामुळे आता चुकू शकतो.

फौजदारीतलं मौनही सगळीकडे चालत नाही. चेक न वटल्याचं प्रकरण घ्या. मित्राबरोबर पुण्यात छोटी कंपनी काढलेली असते, चेकवर सही तुमची असते, आणि तुम्ही इकडे. कायदा इथे असं गृहीत धरून चालतो की चेक देणं लागत होता म्हणूनच दिला. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. उलट, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरली तर पुढचा फौजदारी खटलाच उभा राहत नाही. ती नोटीस न उघडता ड्रॉवरमध्ये टाकणं महागात पडतं.

आता दिवाणीकडे वळू. इथे सगळं उलटं होतं. दिवाणी दाव्यात समन्स आलं की प्रतिवादीने लेखी उत्तर द्यायचं. त्याला मराठीत सुरेख शब्द आहे, कैफियत. साधारण तीस दिवसांत ती द्यायची, न्यायालय कारण ऐकून नव्वद दिवसांपर्यंत मुदत देतं. आणि दाव्यातलं जे विधान तुम्ही स्पष्टपणे नाकारलं नाही, ते तुम्ही कबूल केलं असं धरलं जाऊ शकतं. म्हणजे फौजदारीत जे गप्प बसणं तुमची ढाल होतं, तेच इथे तुमच्याविरुद्ध पुरावा होतं. हजरच झाला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घेता येतो, पण समन्स नीट बजावलं नव्हतं किंवा न येण्याला सबळ कारण होतं हे दाखवावं लागतं. आणि त्यासाठीही मुदत फक्त तीस दिवसांची.

बजावणी कशी होते हेही आपल्या लोकांना माहीत नसतं. बेलीफ तुमच्या जुन्या पत्त्यावर जातो. तुम्ही नसाल तर काही परिस्थितीत घरातल्या प्रौढ माणसाच्या हाती समन्स देता येतं. तुम्ही तिथे राहताच कुठे, असा वाद नंतर घालता येतो, पण तो घालावा लागतोच. कुणी घेतलं नाही तर समन्स दारावर चिकटवता येतं. तरीही पत्ता लागत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर समन्स छापता येतं. आपण इथे बसून रोज सकाळी चहाबरोबर गावाकडची बातमी वाचतो, क्रिकेट वाचतो. जाहीर नोटिशींचं पान मात्र उलटून टाकतो. एखाद्या दिवशी त्यात आपलंच नाव असू शकतं.

आणि एक अगदी घरगुती कारण आहे. समन्स येतं, आई सही करून घेते, देवघरातल्या फळीवर ठेवते, आणि व्हिडिओ कॉलवर काही बोलत नाही. ‘पोरगं तिकडे एकटं आहे, कशाला त्याच्या जिवाला घोर?’ मायेपोटी दडवलेला तो कागद सहा महिन्यांनी कळतो तेव्हा एकतर्फी हुकूम होऊन गेलेला असतो. गावाकडच्या सगळ्या आई-बाबांना, काका-मावश्यांना म्हणूनच हात जोडून सांगणं आहे. कोर्टाचा शिक्का असलेला कुठलाही कागद आला की त्याच दिवशी फोटो काढून पाठवा. घोर लागू द्या. घोर परवडतो, हुकूमनामा परवडत नाही.

वाटपाच्या दाव्याबद्दल तर वेगळंच बोलायला हवं. ‘सख्ख्या भावाने माझ्यावर केस केली’ हे वाक्य परदेशातल्या मराठी घरांतून नेहमी ऐकू येतं. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद, दिवाळीचा फोन बंद. पण वाटपाच्या दाव्यात ज्या-ज्या माणसाचा हिस्सा आहे, त्या सगळ्यांना पक्षकार करावंच लागतं. एकाने दावा लावला की उरलेले आपोआप प्रतिवादी होतात. तिथे प्रतिवादी म्हणजे शत्रू नव्हे. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक प्रतिवादी वादीच्याच जागी असतो, असं न्यायालयं पूर्वीपासून मानत आली आहेत. म्हणजे त्याच दाव्यात प्रतिवादीही आपला हिस्सा मागू शकतो. भावाने तुमचं नाव दाव्यात लिहिलं म्हणजे तुमच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली. नाव वगळलं असतं तर खरा राग यायला हवा होता.

बहिणींना तर हे आवर्जून सांगावंसं वाटतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो वडील २००५ मध्ये हयात होते की नाही यावर अवलंबून नाही हे स्पष्ट केलं. तरीही दाव्यात बहिणी ‘प्रतिवादी क्रमांक ३ ते ५’ म्हणून असतात, आणि कोर्टात येतच नाहीत. कारण आलं तर माहेर तुटेल ही भीती. काही वेळा हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी त्यांना इथून विमानाने बोलावलंही जातं. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडावा. पण तो विचार करून, समजून सोडलेला असावा, गैरहजेरीमुळे गळून पडलेला नसावा.

हे फक्त भारतातलंच आहे असं नाही. इथे नेदरलँड्समध्येही दिवाणी कोर्टात न आलेल्याविरुद्ध ‘व्हरस्टेक’ म्हणजे एकतर्फी निकाल होतो. मागणी बेकायदा किंवा निराधार दिसत नसेल तर न्यायाधीश ती मंजूर करून टाकतात. आरोग्यविम्याचा हप्ता, घरमालकाचं येणं, जिमची वर्गणी, अशा साध्या गोष्टींतून सुरुवात होते. घर बदललं आणि नगरपालिकेत पत्ता बदलला नाही, की ड्यूरवार्डर म्हणजे इथला बेलीफ जुन्या पत्त्यावर कागद टाकून जातो. निकाल कळल्यावर साधारण चार आठवड्यांत त्याला विरोध नोंदवावा लागतो. पंचवीस हजार युरोपर्यंतच्या दाव्यात इथे वकिलाशिवाय, स्वतः उभं राहून किंवा पत्र लिहूनही उत्तर देता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

फौजदारी बाजूला इथे ‘स्ट्राफबस्खिकिंग’ नावाचा प्रकार आहे. छोट्या गुन्ह्यात सरकारी वकील कोर्टात न जाता थेट दंडाचा आदेश पाठवतात. मान्य नसेल तर चौदा दिवसांत विरोध नोंदवायचा, मग प्रकरण न्यायाधीशांपुढे जातं. पण आपला माणूस ‘कशाला कटकट, भरून टाका’ म्हणून पैसे भरतो. भरले की आदेश मान्य केला असा अर्थ होतो, आणि ती गुन्ह्याची नोंद राहते. पुढे नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मागताना किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती वर येऊ शकते. दंड छोटा असतो, त्यामागची कबुली छोटी नसते.

सगळ्यात जास्त घरं जिथे पोळतात ती जागा म्हणजे परदेशातला घटस्फोट. नवरा इकडे अर्ज करतो, बायको तिकडे माहेरी. तिला परक्या भाषेतला लिफाफा येतो आणि काही महिन्यांनी निकाल. १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतला असाच एक घटस्फोट मानायला नकार दिला. लग्न ज्या कायद्याने झालं त्या कायद्याखालचं कारण नसेल, आणि समोरच्या बाजूने त्या न्यायालयाचा अधिकार स्वखुशीने मानलेला नसेल, तर असा एकतर्फी निकाल भारतात बंधनकारक नाही, असं त्याचं सार आहे. म्हणून लिफाफा मिळालेल्या मुलीने दोन्ही टोकं टाळावीत. घाबरून गप्पही बसू नये, आणि न विचारता उत्तरही धाडू नये. ‘तुमचा अधिकारच मला मान्य नाही’ हे सांगण्याचीही एक रीत असते. आधी वकिलाला विचारावं. भारतात विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळते, तिचा लाभ घ्यायला लाज कसली?

समोरच्या बाजूला उभं राहण्यात लाज वाटणाऱ्यांना मी नेहमी रखमाबाईंची आठवण देतो. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या मराठी मुलीने मोठं झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबईत दावा लावला. दावा दिवाणी, रखमाबाई प्रतिवादी. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती तुरुंगात जायला तयार झाली. १८८८ मध्ये तडजोड झाली, दोन हजार रुपये देऊन ती मोकळी झाली, लंडनला जाऊन डॉक्टर झाली. वादी कोण होता हे आज दादाजींचं नाव सांगितल्याशिवाय कुणाला आठवत नाही. संमतिवयाची चर्चा मात्र त्या प्रतिवादीने दिलेल्या उत्तरामुळे देशभर पेटली.

आपल्या या डच मुलखाशी जोडलेली दुसरी आठवण उलट टोकाची आहे. जुलै १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेलिसला बोटीतून उडी मारली, त्यांना फ्रेंच किनाऱ्यावर पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं गेलं. त्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन यांचा वाद हेगच्या लवाद न्यायालयात आला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय लागला, की अटकेत अनियमितता झाली खरी, पण सावरकरांना फ्रान्सकडे परत करायचं बंधन ब्रिटनवर नाही. त्या वादात पक्षकार होती ती दोन सरकारं. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो माणूस पक्षकार नव्हता. राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, पण आपल्याबद्दलचा निकाल आपल्या आवाजाशिवाय लागणं कसं असतं, याचं यापेक्षा ठळक उदाहरण हेगमध्ये मराठी माणसाला सापडणार नाही. त्यांना खुर्ची मिळालीच नव्हती. आपल्याला मिळते, आणि आपण ती रिकामी ठेवतो.

यावर लोक म्हणतील, सांगणं सोपं आहे. भारतात दावा वीस वर्षं चालतो, तारखांवर तारखा पडतात, इथून रजा मिळत नाही, विमानाचं तिकीट आणि वकिलाची फी धरली तर हिस्सा त्यातच जातो. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. सगळे दावे लढावेत असं माझं म्हणणंही नाही. तडजोड करावी, हक्क सोडून द्यावा, चूक असेल तर फौजदारीत गुन्हाही कबूल करावा. पण हे सगळं हजर राहून करावं. उत्तर देणं म्हणजे भांडणं नव्हे.

आणि हजर राहणं पूर्वीइतकं अवघडही राहिलेलं नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने प्रकरण शोधता येतं, पुढची तारीख कळते. विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र देता येतं. ते इथे नोटरी आणि अपोस्टिल करून किंवा हेगमधल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून पाठवावं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. एक मर्यादा ध्यानात ठेवावी. जे फक्त तुम्हालाच माहीत आहे, त्याची साक्ष मुखत्यार तुमच्याऐवजी देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलंय. ती साक्ष तुमची तुम्हालाच द्यावी लागते, आणि त्यासाठी व्हिडिओद्वारे हजेरीची परवानगी न्यायालयाकडे मागता येते.

आपल्या मराठी मंडळांनाही एक सुचवावंसं वाटतं. गणपती, दिवाळी, नाटक हे सगळं हवंच. पण वर्षातून एक संध्याकाळ ‘कोर्टाचा कागद आला तर काय करायचं’ यासाठी ठेवा. इथला एक वकील, भारतातला एक वकील, आणि लोकांचे प्रश्न. आणि मंडळात कुणावर खटला आहे असं कळलं, तर त्याला पुढच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवायला विसरू नका. ४९८-अ असो, जमिनीचा वाद असो, नोकरीतली तक्रार असो, निकाल लागेपर्यंत तो माणूस आरोपी आहे, गुन्हेगार नाही. आणि तक्रार करणारी बाईही खोटारडी ठरलेली नाही. दोघांनाही बोलू देणं न्यायालयाला जमतं, तर आपल्याला का जमू नये?

शिफोलला उतरणारं विमान खाली येताना उजवी-डावीकडे पोल्डरची हिरवी शेतं दिसतात. जवळच व्हाइफहाउझनच्या उद्यानात एमएच१७ मधल्या माणसांसाठी २९८ झाडं लावली आहेत, एकेका माणसासाठी एकेक. पुढच्या वेळी आई-बाबांना घेऊन या भागात आलात तर ती झाडं त्यांना जरूर दाखवा. आणि परतताना गाडीत एवढं विचारा, घरी माझ्या नावाचा एखादा कागद येऊन पडलाय का?